तरसाचा वाटा

गोसाव्याला आडवं पुरत नाहीत. मांडी घालून, ताठ बसवून समाधी देतात. कारभारी गोसावी त्या बहात्तरच्या दुष्काळात गेले, तेव्हा त्यांच्या लेकीने, राहीने, हाच हट्ट धरला. गावातली धडधाकट माणसं सडकेच्या कामावर गेलेली. राहीचा नवरा ऊसतोडीला देवळाली प्रवरेकडे. उरलेल्या म्हाताऱ्यांनी खणायला घेतलं आणि कमरेइतक्या खोलीवर कुदळ खडकावर खणखणली.

"राहे, आडवं निजवू बापाला," म्हातारे म्हणाले, "वर माती तरी बसंल."

राहीने ऐकलं नाही. तिचे आबा ताठ बसले, आणि डोक्यावर जेमतेम वीतभर माती आली.

एका सकाळी ती माती उकरलेली दिसली. खोल नाही, चाचपून बघावं तशी. भोवती पंजे उमटले होते, पुढचे मोठे, मागचे लहान. जवळच खडूसारखी पांढरी विष्ठा. माळावर वाढलेल्या राहीला कोणाला विचारावं लागलं नाही. तरस.

तिने माती पुन्हा ओढली. वर ठेवायला काही नव्हतं. बाभळीचे काटे शेळ्यांनी सालीसकट संपवले होते, आणि माळावरचा एकूण एक धोंडा खडी फोडायला सडकेवर गेला होता. समाधी खोल करावी, तर दिलेली समाधी उघडता येत नाही.

राखणीला बसावं, तर घरात दाणा नव्हता. ती आणि शेजारची मालनबाई दिवसभर मेलेल्या जनावरांची हाडं वेचत. मुकादम मच्छिंद्र ट्रक घेऊन यायचा, हाडं खताच्या गिरणीला न्यायचा, बदल्यात ज्वारी द्यायचा.

"रातचं बसत जा की," मालनबाई म्हणाली.

"बसले की. पहाटं डोळा लागला, तेवढ्यात येऊन गेलं."

मच्छिंद्राने ट्रकमधून एक बाटली काढली. "एंड्रिन हाय, पिकावर मारायचं जहर. मेल्या शेरडाच्या आतड्यात घाल. बापाच्या डोक्यावर आलेल्याची कसली दया गं?"

"दयेचं न्हाई ओ मुकादम," मालनबाई म्हणाली, "आदी शेरडू तर गावू द्या. गावलं तर आमीच खाऊ."

राहीने बाटली घेतली. शेरडू कुठलं, चामड्याचा एक वाळका तुकडा मिळाला. दिवस मावळताना तो घेऊन ती मेलेली ढोरं टाकायच्या जागेवर गेली.

तरस आधीच तिथे होतं. मादी होती. आचळं ओघळलेली, पाठ मागे उतरती, मानेवरचे केस पिंजारलेले. राहीला पाहून ते गुरगुरलं नाही, पळालंही नाही. खाली नाक लावून रिकामी जमीन हुंगत, चाटत राहिलं. कुठेतरी एक खूर बायकांच्या नजरेतून सुटला होता. तो त्याने दाढेखाली धरला. कडाड.

लहानपणी अंगणात निजलेली असताना हा आवाज आला की ती आबांना बिलगायची. "झोप," आबा म्हणायचे, "ते मारत न्हाई. मेलेलं आवरतंय."

आता आवरायला काही उरलं नव्हतं. जागा झाडून काढल्यासारखी स्वच्छ होती. ती तिनेच झाडली होती.

राहीने बाटलीचं बूच पुन्हा घट्ट बसवलं.

दुसऱ्या दिवशी तिने वेचलेलं पोतं ट्रककडे नेलं नाही, त्या जागेवर रिकामं केलं. समाधीवरची माती हलली नाही. मग रोज तेच. मच्छिंद्र आला तेव्हा तिच्यापुढे काही नव्हतं.

"पोतं कुटं हाय?"

"न्हाई."

"मग ज्वारी बी न्हाई. बापाला सांग, चूल पेटवून दे म्हनावं."

मालनबाईने आपल्यातली ओंजळभर ज्वारी तिच्या पदरात टाकली. "येडी हायेस," म्हणाली. "तुजं पोट तरसाला, अन् माजं तुला."

पण माळ संपत आला होता. जनावरंच उरली नव्हती, तर मरणार कोण? पोतं अर्धं झालं, मग पाव. एका सकाळी समाधी पुन्हा उकरलेली होती, आणि आबांच्या डोक्याला गुंडाळलेल्या भगव्या फडक्याचं टोक वर आलं होतं.

राहीने ते दोन बोटांनी आत सारलं. माती ओढली. बराच वेळ दोन्ही तळहात मातीवर दाबून ती तशीच बसली. मग घरी गेली.

परसात पवळ्या पुरलेला होता. आबांच्या आधी महिनाभर गेलेला बैल. मच्छिंद्राने त्याची हाडं मागितली, तेव्हा आबा म्हणाले होते, "ह्यानं माजं पोट भरलं. ह्याचं माप हुयाचं न्हाई." अंगात ताकद नसताना त्यांनी स्वतः खड्डा खणला होता.

राहीने रिकामं पोतं शेजारी ठेवलं आणि कुदळ मारली. दांडा मोडला. तिने हातांनी माती ओढायला सुरुवात केली.

मालनबाई कुडाजवळ येऊन उभी राहिली. "राहे, अगं काय करतीस? बापानं पुरलेलं हाय ते!"

राही थांबली नाही. नखांत माती भरली, बोटं सोलली. बैलासाठी आबांनी खड्डा चांगला खोल घेतला होता. हात कोपरापर्यंत आत गेला, तरी हाड लागेना.