पेट्रोलचा कुळव

मी लॉन विंचरणारं यंत्र बोलतोय. कागदावर माझं नाव पॉवर रेक. पण मला नावानं हाक मारली ती एकट्या धोंडप्पा माळ्यानं, आणि त्याच्यासाठी मी 'पेट्रोलचा कुळव' होतो.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या अजून भाड्याच्या खोल्यांत होत्या, पण एका साहेबांच्या बंगल्यापुढं लॉन आधी आलं आणि लॉनमागोमाग मी. माझं माहितीपत्रक इंग्रजीत होतं. ते कुणी वाचलं नाही, म्हणून चार वर्षं मला कुणी चालवलंही नाही. दर खंडेनवमीला कुंकू मात्र चुकत नसे.

माझं काम सांगतो. लॉन वरून हिरवं दिसतं, पण बुडाशी मेलेल्या गवताचा थर साचत जातो आणि पाणी मुळांपर्यंत पोचत नाही. माझ्या पोटातला आस गरगर फिरतो आणि त्यावरचे लोखंडी दाते तो थर उपसून काढतात. माणसं वरचं हिरवं तेवढं बघतात. असो.

मग दुष्काळ पडला. गल्लीतल्या बाया टँकरसाठी सकाळपासून घागरी मांडून बसायच्या. लॉनला स्वतःचा टँकर होता. तरी ते पिवळं पडायला लागलं, आणि पंधरा दिवसांत मुंबईहून दुष्काळाची पाहणी करणारं पथक यायचं होतं. दुष्काळ बघायला येणाऱ्यांना लॉन हिरवंगार दिसावं, असं साहेबांना वाटलं. मला शेडमधून बाहेर काढलं.

माळी धोंडप्पा देवणीकडचा. बंगल्यामागच्या खोलीत तो, बायको नीलम्मा आणि दाराशी गौरव्वा. काळ्या तोंडाची देवणी गाय, गाभण, आणि नुसता हाडांचा सापळा.

"अवं, आईतवारी हाळीच्या बाजाराला न्या तिला," नीलम्मा म्हणाली. "डोळ्यादेखत मरण्यापरीस इकलेली बरी."

"खाटकाबिगर कोन घेतंय आता?" धोंडप्पा म्हणाला, आणि मला सुरू केलं.

मी उथळ चाललोय असं त्याला वाटलं. कुळव उथळ चालला तर वर दगड ठेवायचा, हे त्याला बापानं शिकवलेलं. त्यानं माझ्या डोक्यावर दगड बांधला.

वाळल्या गवताचा ढीग लागला. साहेब म्हणाले, "पेटवून दे." धोंडप्पानं पेटवला नाही. माती झटकली, मिठाचं पाणी शिंपडलं आणि गायीपुढं टाकला. गौरव्वानं हुंगलं, तोंड फिरवलं, मग खाल्लं. नीलम्मा तोंडाला पदर लावून बघत होती. आईतवारी हाळीला कुणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दगड मोठा झाला. तिसऱ्या दिवशी त्याहून मोठा. मेलेलं गवत आठवड्यात संपलं आणि माझ्या दात्यांना जिवंत गवताची ओली मुळं लागली; तीही गायीपुढं जाऊ लागली. मला कळलं. धोंडप्पालाही कळलं असावं, कारण तो खाली बघेनासा झाला. मी बंद पडू शकलो असतो. सरकारी यंत्रं एरवी पडतातच. मी पडलो नाही.

आठवडाभर दौऱ्यावर असलेले साहेब पथकासोबतच परतले, तेव्हा लॉनचं वावर झालं होतं. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. पथकाच्या प्रमुखांनी उघडी माती बुटानं उकरून बघितली.

"तुमच्याच दारात ही गत, तर खेड्यांत काय असेल?"

साहेब पुढं सरसावले. "लॉनचं पाणी मीच तोडलं, सर. आधी जनता."

चहा झाला. खेड्यांत जायची गरज कुणाला वाटली नाही. पंधरवड्यात जनावरांची छावणी उघडली.

गौरव्वा छावणीतच व्याली. गोऱ्हा झाला. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीला, धोंडप्पा शेडमध्ये आला. खांदे मळायला त्याच्याकडं बैल कुठला? त्यानं वाटीतलं हळद-तूप माझ्या दांडीला चोळलं आणि म्हणाला, "तूबी लई राबलास गड्या."

मला भरून आलं. यंत्रांना येत नाही म्हणतात.

आता धोंडप्पा नाही. लॉनच्या जागी फरशी आहे आणि मी भंगाराच्या ढिगात लिलावाची वाट बघतोय. मला कुणीही न्या, वितळवा, माझी तक्रार नाही. फक्त दांडीवर एक पिवळा डाग दिसेल, तो गंज समजून घासू नका. हळद आहे ती.