सोमवारचा आकडा

गिरजाबाई मेश्राम भिलाईच्या सेक्टर सातमधल्या क्वार्टरात एकट्या राहत. नवरा जानराव स्टील प्लांटमधून रिटायर झाला आणि दोन वर्षांत गेला. मुलगा नरेश सुरतला होता. गिरजाबाईंच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा तो पंधरा दिवस राहून गेला. किमो सुरू झाल्यावर तो फक्त फोन करायचा. "दवाई टाइम पे लेना, आई," एवढं बोलायचा, तोवर मागून कोणीतरी त्याला हाक मारायचं.

रायपूरच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी त्यांना एका अभ्यासाबद्दल विचारलं. लाकडावर उगवणाऱ्या एका मशरूमचा अर्क. काचेच्या बशीत त्यानं कॅन्सरच्या पेशींची वाढ मंदावल्याचं दिसलं होतं. माणसाच्या अंगात काय होतं ते नक्की ठाऊक नव्हतं. किमो चालूच राहणार, सोबत कॅप्सूल घ्यायच्या आणि थकवा कमी होतो का ते पाहायचं. निम्म्या बायकांना अर्क, निम्म्यांना नुसता स्टार्च. कोणाला काय मिळतंय हे डॉक्टरांनाही कळणार नव्हतं.

"हे मंजे बाजारातलं पुटूच का?" गिरजाबाईंनी विचारलं. पावसाळ्यात छत्तीसगढी बाया टोपल्यांत पुटू, म्हणजे रानातली अळंबी, विकायला आणत.

"दूरच्या नात्यातलं समजा, मावशी," कागद पुढे करणारी मुलगी म्हणाली. तिचं नाव प्रेरणा, दुर्गच्या मोहन नगरची. फॉर्मवर मेश्राम वाचून ती हिंदीवरून मराठीवर आली होती. गिरजाबाईंनी सही केली.

दर सोमवारी अकरा वाजता प्रेरणाचा फोन येऊ लागला. थकवा किती, शून्य ते दहा? पहिल्या वेळी गिरजाबाईंनी आठ सांगितले. प्रेरणा "बरं, मावशी" म्हणाली, पण तिचा आवाज उतरला होता. पोरीला आपण नाराज केलं असं गिरजाबाईंना वाटलं. शिवाय, असेच आकडे सांगत राहिलो तर आपल्याला यातून काढतील आणि हा फोनही बंद होईल, ही भीती होतीच.

पुढच्या सोमवारी त्यांनी सहा सांगितले. मग पाच, मग चार.

फॉर्म भरून झाला की प्रेरणा दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलायची. "आज काय बनवलं, मावशी?" गिरजाबाई म्हणायच्या, "वरण-भात, वांग्याची भाजी." सकाळपासून त्यांनी चहात बुडवून दोन बिस्किटं खाल्लेली असत; बाकी काही खाल्लं की उलटून पडे. सोमवारी कोणती भाजी सांगायची ते त्या रविवारीच ठरवून ठेवत. आठवडाभरात त्यांना एवढंच बोलणं मिळे.

तिसऱ्या महिन्यात तपासणीसाठी त्या रायपूरला गेल्या. लिफ्ट बंद होती. एक मजला चढताना त्यांना तीनदा बसावं लागलं. तिसऱ्यांदा बसल्या तेव्हा प्रेरणा वरून खाली आली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर टेकली.

"आज किती, मावशी?"

"तीन."

"मी वरून पाहून राहिली होती. कावून खोटं सांगता?"

गिरजाबाईंनी पदर सावरला. "तुले बरं वाटावं मनून. अन् तुहा फोन बंद होईन मनून."

प्रेरणा त्यांच्याजवळ सरकली. मग हळू म्हणाली, "तुमचे आकडे पाहून उद्या कोणी मनन, या कॅप्सूलनं थकवा जाते. मग एखादी बाई किमो सोडून हेच घेत बसन."

गिरजाबाई वरमल्या. ही गोष्ट आपल्या दोघींतलीच आहे असं त्या धरून चालल्या होत्या.

"मंग मिटवून टाक ते."

"मिटवता येत नाही. जुन्यावर एक रेघ मारायची, बाजूला खरं लिहायचं, सही अन् तारीख. खालचं दिसलं पाहिजे."

"मले सारे आठोत नाही."

"मग तसंच लिहू. आठवत नाही मनून."

वर जाऊन दोघींनी ते लिहिलं. डॉक्टर रागावले नाहीत. रक्त तपासायला पाठवलं, उलटीचं औषध बदललं. त्यानंतरच्या सोमवारी गिरजाबाई आठ म्हणाल्या, पुढच्या वेळी पुन्हा आठ, एकदा नऊ. पोटात अन्न टिकायला लागलं तसे सात, मग सहा.

अभ्यास संपला, तसे सोमवारचे फोनही थांबले. काही महिन्यांनी प्रेरणानं मुद्दाम फोन केला. दोन्ही गटांत ठामपणे सांगण्यासारखा फरक दिसला नव्हता. "अन् मावशी, तुमच्या बाटलीत मशरूम नव्हतं. स्टार्च होता."

"मंग मी बरी कशी होऊन राहिली?"

"ऑपरेशननं, किमोनं." मग ती म्हणाली, "मले नागपूरले काम भेटलं. डायबिटीसवाल्यांच्या अभ्यासाचं. पुढच्या महिन्यात जाईन."

"जाय बाई. चांगलं हाय," गिरजाबाई म्हणाल्या.

उन्हाळ्यात त्या वार्षिक तपासणीला रायपूरला गेल्या. रिपोर्ट चांगला आला. त्यांनी नरेशला कळवलं; "बहुत बढ़िया, आई," तो म्हणाला, संध्याकाळी बोलतो म्हणाला. निघण्याआधी त्या पहिल्या मजल्यावर गेल्या. प्रेरणाच्या टेबलाशी दुसरी मुलगी बसली होती.

"किससे मिलना है, आंटी?"

"किसीसे नहीं," गिरजाबाई म्हणाल्या. समोरच्या बाकावर त्या थोडा वेळ बसल्या, मग स्टेशनला गेल्या आणि दुपारच्या गाडीनं भिलाईला परतल्या.