झोपेचा रकाना

द्रौपदाची तेजस्विनी दुसरीत होती आणि तिच्या झोपेला घड्याळ कधी लागलंच नाही. शाळा सुटली की हातपाय धुवायचे, चटणी-भाकरी खायची, शेळीला पाला टाकायचा, मग ओट्यावर बसून पाढे. जेवण झालं, साडेसात वाजले की पोरगी आईच्या मांडीवर डोकं टेकायची आणि गपगार. मढजवळच्या त्या वाडीत बाया म्हणायच्या, "द्रौपदे, तुझं लई बरंय बाई!"

दृष्ट लागली, दुसरं काय!

दोन हजार तीन साली चांगदेव गुरुजी जुन्नरला तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले. जाताना माणूस बरा होता. येताना 'दिनचर्या कार्ड' घेऊन आला. हातपाय, अभ्यास, जेवण, झोप, सगळ्याला रकाना. झोपेची वेळ रात्री नऊ. आणि त्या रकान्यात 'मी झोपलो' नाहीतर 'मी झोपले' असं पोरानं रोज स्वतःच्या हातानं लिहायचं. आता झोपलेलं माणूस लिहिणार कसं, हे तिथं कुणी विचारलं नाही. नाश्ता चांगला होता म्हणे.

पहिल्याच आठवड्यात तेजूचा झोपेचा रकाना सातही दिवस कोरा, म्हणून कार्डावर सात लाल फुल्या.

"गुरुजी, माजी पोरगी साडेसातलाच झोपती. वाईट काय त्यात?"

"ती अनियमित झोप, द्रौपदाबाई. नऊ म्हणजे नऊ. वरून आदेश आहे."

द्रौपदा स्वतः चौथी नापास. लाल शाईची तिला धास्तीच. आपल्या लेकीच्या नशिबी ती शाई नको, एवढंच तिला वाटायचं. मग पोरगी पेंगायला लागली की तोंडावर पाण्याचा हबका. "तेजे, ऊठ! झोपायला अजून टाइम हाय!" नऊला पोरगी रडत रडत लिहायची, 'मी झोपले'. त्यानंतर कसली झोप न् कसलं काय! एकदा मोडलेली झोप येते होय? आढ्याकडे टकामका बघत पडायची. सकाळी उठवता उठेना. पाढे विसरली, शेळी विसरली, उठता बसता किरकिर.

शेजारचा राकेश मात्र दहा वाजेस्तोवर लोकांच्या घरी टीव्ही बघत बसायचा. पठ्ठ्यानं एका रविवारी बसून महिनाभराचं 'मी झोपलो' एका दमात लिहून टाकलं.

पुढच्या महिनाअखेरीला तपासणीला साहेब आले, आईबापांनाही शाळेत बोलावलं. आदर्श दिनचर्येचं पहिलं बक्षीस राकेशला. टाळ्या! दुसरं पुकारलं, "कुमारी तेजस्विनी!"

पोरगी उठेना. सकाळी अकरा वाजता भिंतीला टेकून ती गाढ झोपली होती. पोरं फिदीफिदी हसली. गुरुजी तिला हलवायला वाकले.

"हात लावू नगा तिला!" मागून द्रौपदा ओरडली. "महिन्यात पयल्यांदा निवांत झोपलीय माजी लेक."

पोरीला खांद्यावर टाकून ती निघाली. वाटेत रडली. शहाण्यांचं ऐकून लेकराच्या तोंडावर पाणी मारलं मेलीनं, म्हणून स्वतःलाच शिव्या घातल्या.

पुढच्या महिन्यात रोज साडेसातला पोरगी मांडीवर आणि कार्डावर रोजच्या रकान्यात लाल फुली. शेवटी गुरुजींनी कार्ड द्रौपदाच्या हातात ठेवलं. "बघा, तीसच्या तीस लाल! काही वाटतं का?"

द्रौपदानं एकेका फुलीवर बोट ठेवत मोजलं. बरोबर तीस भरल्या.

"वाटतं की," ती म्हणाली, "एकबी रात चुकली न्हाई, गुरुजी." आणि ते कार्ड तिनं घरी नेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं, दारासमोरच्या भिंतीवर लावलं.