मागच्या बाकावरचा हात

बोराएवढा बल्ब, टॉर्चमधला, आणि त्याच्या बुडाला राखाडी डाखेचा, सोल्डरचा थेंब, कोणी घाईघाईत टिचकीनं लावून दिल्यासारखा... पोरांच्या हातातून फिरत फिरत तो मागच्या बाकावर आला तेव्हा पुष्पांजली मॅडमनी तो उलटा धरला, आणि त्या थेंबाकडे बघतच राहिल्या. अठरा वर्षं नववीला वीज शिकवली, पण हा थेंब कधी दिसला नव्हता. दिसणार कसा? बल्ब फळ्यावर असायचा. गोल, आत फुली. फुलीला कुठं बूड असतं!

"मॅडम, द्या न इकडं," पुढून धम्मशीला म्हणाली, आणि बल्ब पुन्हा हातोहात पुढं गेला.

धम्मशीला याच शाळेतली. सोनाळ्याची. आता खामगावला बीएस्सी करते, भौतिकशास्त्र घेऊन. तिच्या कॉलेजला अनुदान मिळालंय—आसपासच्या शाळा सोबत घ्यायच्या, कॉलेजच्या पोरापोरींमधून फिजिक्स शिकवू शकतील असे हेरायचे, वर्गात उभं करून करून त्यांचे शिक्षक करायचे. जिथं फिजिक्सवालं कोणी नाही त्याच शाळा घेणार. म्हणून एक कागद आला होता, आणि तो सकाळपासून मॅडमच्या पर्समध्ये होता, चार घड्या घालून. त्यावर एकच प्रश्न. शाळेत भौतिकशास्त्राची पदवी असलेले शिक्षक आहेत काय? हो, नाही. खाली विषय शिकवणाऱ्याची सही.

"‘नाही’वर टिक मारा न मोकळ्या व्हा, मॅडम," हेडमास्तर उकंडराव सर पानाचा तोबरा सांभाळत म्हणाले होते. "पोरगी दोन वर्षं इथंच राह्यते, स्कॉलरशिपवर. हो म्हनलं तं ते दुसऱ्या शाळेले देऊन देतीन तिले. आन तुमचं काय जाते त्याच्यात?"

काय जाते... पिठाच्या गिरणीवर गेलं तरी बाया सरकून जागा देतात—फिजिक्सवाल्या मॅडम आल्या व. पदवी वनस्पतीशास्त्राची आहे हे गावात कोणी विचारलं नाही, आणि आपण सांगितलं नाही. खोटं कधी बोललो नाही. फक्त कोणी फिजिक्स म्हटलं की मान हलवली. अठरा वर्षं हलवली... मानेचं काय जातं?

पुढं टेबलावर दोन बल्ब एकाच तारेत ओवलेले होते, एकामागं एक. सेल जोडायचा बाकी होता.

"थांबा," धम्मशीला म्हणाली. "पेटवाच्या आधी सांगा. कोणता जास्त पेटन? पहिला म्हनणाऱ्यानं हात वर करा. मनात ठेवाचं नाही, हात पाह्यजे."

आणि सगळ्या वर्गाचे हात वर गेले. एकदम, चाळीसच्या चाळीस, कवायतीसारखे. सेलजवळचा बल्ब जास्त पेटणार यात कोणाला शंकाच नव्हती. मॅडमना बरं वाटलं—किती पक्कं बसलंय पोरांच्या डोक्यात!—आणि त्याच क्षणी कळलं की आपलाही हात बाकावरून उठलाय, खांद्यापर्यंत आलाय.

"काऊन रे शिवम?"

"पहिला बल्ब करंट खाऊन घेते नं. मंग दुसऱ्याले उरलंसुरलं भेटते." ही माझीच वाक्यं, मॅडमच्या मनात आलं. उरलंसुरलं हा शब्दही माझाच.

धम्मशीलानं सेल जोडला.

दोन्ही सारखे पेटले.

"हा कमी आहे, हा!" शिवम बाक सोडून पुढं धावला. बारकाईनं बघितलं तर दुसऱ्याचा उजेड थोडा मळकट होताच. मॅडमचा श्वास सुटला... धम्मशीलानं बल्बांच्या जागा बदलल्या. मळकट पुढं आला, आणि मळकटच राहिला.

"जागेचं नाही मंग ते. बल्बच तसा आहे," कोणीतरी पुटपुटलं.

"पन मॅडमनं तं सांगतलं होतं..." शिवमनं वळून मागं बघितलं. त्याच्यामागं सगळा वर्ग वळला.

"मॅडमनं काही दुसरं सांगतलं असन," धम्मशीला पटकन म्हणाली. "तू झोपला असशीन बे!"

वर्ग खदखदून हसला. शिवमही हसला, बिचारा. तो त्या दिवशी झोपला नव्हता, पहिल्या बाकावर होता, वहीत त्यानं दोनदा अधोरेखित केलं होतं. धम्मशीला खोटं बोलली, माझ्यासाठी. आणि मी मान हलवली.

वही... पाच वर्षांपूर्वी एक पोरगी उभी राहिली होती याच वर्गात. दोन वेण्या, तेलानं चपचपीत. मॅडम, करंट खाल्ला तं जाते कुठं? पाणी तं नळातून जेवढं निंगते तेवढंच येते ना? आणि मी खडू टेबलावर आपटला होता. लई शहाणी झाली का तू? जाय बाहेर. ती दाराबाहेर उभी राहिली, तास संपेपर्यंत, तिची सावली आत येत होती, आणि त्या सावलीवर पाय न पडू देता मी फळा पुसला... तिला आठवत असेल. असेलच. आठवतंय म्हणूनच तर आधी हात मागते, बाहेर नाही काढत.

तास सुटल्यावर धम्मशीला तारा गुंडाळू लागली.

"तू शिवमले उगाच बोलली," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला, का चढला ते त्यांनाच कळेना.

"हाव मॅडम." ती तारच बघत होती. "मंग काय बोलाले पाह्यजे होतं मी?"

उत्तर होतं, पण ते त्या पोरीनं नव्हतं बोलायचं.

"ठेव ते इथंच. सेल बी ठेव," मॅडम म्हणाल्या. "उद्या नेजो."

"कॉलेजचे सायब पाच वाजता कागद न्याले येतीन म्हने, उकंडराव सर सांगत होते."

"माहीत आहे मले."

शाळा सुटली. मैदानात सायकलींची खडखड, मग तीही गेली. मॅडमनी कागद काढला, घड्या उलगडल्या, पण तो सपाट होईना, म्हणून त्यावर सेल ठेवला. पेनचं टोपण काढलं. आणि हात गेला तारेकडं. दोन बल्ब जोडले, पेटेनात. काऊन पेटत नाही? तार सैल होती, तो राखाडी थेंब टेकतच नव्हता. दाबला. पेटले... दोन्ही. बोट भाजेपर्यंत दाबून धरला.

तिसरा बल्ब डब्यात पडलेला होता.

तीन लावले तर? कमी पेटतील, का तेवढेच, का मधला... पुस्तकात आहे, मागच्या कपाटात, उठून बघता येईल. मॅडम कपाटाकडं गेल्या नाहीत. टेबलाच्या पलीकडं जाऊन पहिल्या बाकावर बसल्या, शिवमच्या जागेवर. बाहेर फाटकापाशी जीप थांबल्याचा आवाज आला, उकंडराव सरांचं "या या साहेब" ऐकू आलं. कागद सेलखाली तसाच होता, हो-नाहीचे दोन्ही चौकोन रिकामे. मला ठाऊक नाही, त्यांनी मनात म्हणून बघितलं, आणि काही कोसळलं नाही. मग तोंडानं म्हणून बघितलं. व्हरांड्यात पावलं जवळ येत होती, आणि रिकाम्या वर्गात, कोणी विचारलं नसताना, त्यांनी हात वर केला—खांद्यापर्यंत नाही, पूर्ण.