न पडलेल्या धुक्याचा दिवा

मी पिकअपच्या पुढच्या बंपरमधला डावा फॉगलाइट बोलतोय. उजव्या बाजूला आत्ता जो बसलाय तो माझा जुना जोडीदार नव्हे, हा नंतर आला. जुन्याचं काय झालं ते सांगतोच. माझी हकिगत लहान आहे, पण सरळ नाही. आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी मला वेळेवर कळल्या नाहीत, आणि काही तर अजूनही नीट कळलेल्या नाहीत.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. एका बाईने माझ्या काळ्या डब्यात चकचकीत वाटी बसवली, दुसरीने पुढे काच चिकटवली. तिसरीने मला क्षणभर पेटवून पाहिलं, "चालू" म्हणाली आणि पुढच्याला हात घातला. मग मला आणि उजव्याला एकाच खोक्यात, थर्माकोलच्या दोन खाचांत झोपवलं. खोक्याच्या झाकणावर एक चित्र होतं. पांढऱ्या पडद्यातून एक गाडी येतेय आणि तिच्या पुढ्यात आमच्यासारखे दोन पिवळे दिवे. झाकण लागेपर्यंत मी ते बघत होतो. धुकं म्हणजे ते, आणि आपण त्याच्यासाठी आहोत, एवढं मला समजलं.

खोकं उघडलं ते एका मुलीने. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. वडिलांच्या सांगण्यावरून तिनेच आम्हाला फोनवरून मागवलं होतं. वडील अंड्यांचा धंदा करत. पहाटे पोल्ट्रीवर जायचं, पिकअपमध्ये अंड्यांचे ट्रे रचायचे आणि उजाडता उजाडता दुकानांत पोचते करायचे. बावीस वर्षं हेच काम. सगळे त्यांना अंडेवाले काका म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणतो. "बावीस वर्षांत एवढं धुकं कधी पाहिलं नाही," ते मुलीला म्हणाले. "रोज सकाळी समोर नुसतं पांढरं."

मला आनंद झाला. कामाची जागा मिळाली होती.

आम्हाला बसवायला पिकअप वायरिंगवाल्या मिस्त्रींकडे नेली. मिस्त्री माणसांशी कमी आणि वायरींशी जास्त बोलत. "तू कुठे चाललीस बाई," असं एका लाल वायरीला म्हणत त्यांनी ती बॅटरीपर्यंत नेली, मध्ये फ्यूज बसवला आणि डॅशबोर्डवर आमच्यासाठी वेगळं बटण दिलं. मग गाडी गॅरेजच्या भिंतीसमोर उभी केली, भिंतीवर खडूने एक आडवी रेघ ओढली आणि आम्हाला पेटवलं. आमचा उजेड रेघेच्या वर गेला की ते स्क्रू पिळून आम्हाला खाली वाकवत.

"थोडा वर ठेवा की," काका म्हणाले.

"फॉगलाइटने मान खाली घालून चालायचं असतं. वर बघितलं की धुकंच उजळतं, रस्ता राहतो बाजूला."

भिंतीवर पिवळा पट्टा रेघेखाली नीट पसरला. काकांनी समाधानाने मान डोलावली आणि घरी येऊन मुलीला अभिप्राय लिहायला बसवलं. ते सांगत, ती फोनवर टाइप करी. दिवे मजबूत आहेत, उजेड भरपूर, बसवायला सोपे, पाच तारे. बसवायला सोपे हे मिस्त्रींनी ऐकलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे. आणि धुक्यात आम्ही अजून एकदाही गेलो नव्हतो. तरी पाच तारे मिळाले म्हणून मी आणि उजवा फुशारलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकांनी आमचं बटण दाबलं आणि माझा गोंधळ सुरू झाला.

समोर धुकं नव्हतं. थंडी होती, पोल्ट्रीकडचा रस्ता होता, कडेची झुडपं होती, दूरवर पाण्याची टाकी होती. सगळं लख्ख. मी त्या चित्रातला पांढरा पडदा शोधत होतो आणि आत काका काचेवर फडकं फिरवत पुटपुटत होते, "काय धुकं पडलंय."

मी उजव्याकडे बघितलं असतं, पण आम्हाला मान वळवता येत नाही. मला वाटलं, धुकं ही आमच्यामागची, गाडीच्या आतली वस्तू असेल. मग वाटलं, आपण इतके भारी आहोत की आपल्यापुढे धुकं टिकतच नाही. पण मग काका रोज वैतागत का होते?

आठवडाभराने त्यांनी पाना घेतला, बंपरसमोर उकिडवे बसले आणि आमची मान वर केली. मिस्त्रींनी खाली बघायला सांगितलं होतं, मालक वर बघ म्हणत होते. ऐकायचं कुणाचं? मी वर बघू लागलो. आता समोरून येणारे डोळ्यांवर आडवा हात धरत, हॉर्न मारत, काचा खाली करून आमच्या सात पिढ्या काढत. मी तर पहिलीच पिढी. माझा उजेड लोकांच्या तोंडावर पडत होता आणि काकांना तो पुरतच नव्हता.

महिन्याभरात दुसरा अभिप्राय लिहिला गेला. या वेळी काकांचा आवाज चढलेला होता. दिवे निव्वळ दिखाऊ, धुक्यात कवडीचा उपयोग नाही, एक तारा. कंपनीचं उत्तर आलं की आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत, कृपया काच स्वच्छ ठेवावी. काकांनी माझी काच साबणाने धुतली. मी आधीही स्वच्छच होतो.

त्याच अभिप्रायाखाली आणखी कुणीतरी चार ओळी लिहिल्या. मुलगी अंगणात गाडीला टेकून उभी होती, तेव्हा तिने त्या वाचल्या. अभिप्रायासोबत गावाचं नाव दिसतं, आणि लिहिणारा याच गावचा होता. 'माझ्याकडे हेच दिवे आहेत. मी रोज पहाटे त्याच रस्त्याने जातो. भाऊ, या महिन्यात आपल्याकडे धुकं पडलंच कधी?'

मुलगी चिडली. हे असले रिकामटेकडे लोक, म्हणाली. पण फोन खिशात ठेवायच्या ऐवजी तिने ते पुन्हा वाचलं. घरात मात्र काही बोलली नाही. आपल्याच बापाविषयी असली शंका तोंडावर आणणं सोपं नसतं.

ती त्या दिवशी बोलली असती तर उजवा वाचला असता.

दोन दिवसांनी बाजारपेठेच्या वळणावर एक बाई रस्ता झाडत होती. माझा उजेड तिच्यावर अगदी लांबून पडला होता. तिचं नारिंगी जाकीट, त्याचं तुटलेलं एक बटण, झाडूला गुंडाळलेली दोरी, सगळं मला दिसत होतं. मी तिला दाखवत होतो, पण गाडी थांबेना. शेवटी बाई ओरडून बाजूला पळाली, तेव्हा काकांनी कचकन वळवलं आणि पिकअपची उजवी बाजू दगडी खांबावर गेली.

काचा फुटल्याचा आवाज आला आणि उजवा विझला. मागे ट्रेवर ट्रे कोसळले आणि फाळक्याच्या फटीतून अंडी गळायला लागली. काका खाली उतरले. बाईला लागलं तर नाही ना, हे त्यांनी तीनदा विचारलं. लागलं नव्हतं. तिने झाडू उचलला, गाडीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं.

"पुढे एवढे चार दिवे लावलेत," ती म्हणाली, "आणि मी दिसले नाही तुम्हाला?"

काका म्हणाले, धुकं होतं. बाईने आजूबाजूला बघितलं आणि झाडायला लागली. सांडलेली अंडीही तिनेच लोटून कडेला केली.

त्या संध्याकाळी मुलीने आईला फोन दाखवला. अंगणातच, हळू आवाजात. आईने ते वाचून घेतलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी गाडी काढली तेव्हा काकू, म्हणजे मुलीची आई, शेजारच्या सीटवर येऊन बसल्या. पोल्ट्रीवर कधी गेले नाही, आज बघते म्हणाल्या. काका हसले, आत्ता कुठे आठवण झाली म्हणाले. मी एकटाच पेटलेलो होतो. पोल्ट्रीच्या फाटकापाशी गाडी थांबली, इंजिन बंद झालं आणि खिडकी उघडी असल्यामुळे आतलं सगळं मला ऐकू आलं. त्या दिवशी निघायलाच उशीर झाला होता, सूर्य चांगला वर आला होता.

"अहो, आज धुकं आहे का?"

"आहे की. रोजचंच."

काकूंनी समोर बोट दाखवलं.

"त्या टाकीवर काय लिहिलंय?"

"कुठली टाकी?"

टाकी समोर होती. तीन मजल्यांएवढी उंच, आणि तिच्यावर माणसाच्या उंचीची निळी अक्षरं. काकूंनी ती वाचून दाखवली नाहीत. त्यांनी नुसता हात पुढे केला आणि किल्ली काढून घेतली. काकांनी हात अडवला नाही, त्यावरून मला वाटतं, त्यांनाही ठाऊक होतं.

"डॉक्टरकडे गेलो तर गाडी बंद करतील," काका म्हणाले. "मला दुसरं काय येतं? म्हटलं, दिवे लावले की भागेल."

"आणि ती बाई?"

यावर काका बोलले ते एकदम वेगळंच. "रात्री डोळे मिटले की तिचा झाडू दिसतो. तो मात्र स्पष्ट दिसतो."

तेव्हा मला कळलं की मी इतके दिवस ज्याच्याशी झुंजत होतो ते रस्त्यावर नव्हतंच. पण त्यातून एक नवाच गोंधळ झाला. मला आणलं होतं बघायला मदत म्हणून, की न दिसण्यावर पांघरूण म्हणून? मी चांगला दिवा होतो की त्यांच्या खोटेपणातला भागीदार? याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

तपासणीत काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले निघाले. आधी एक शस्त्रक्रिया, काही आठवड्यांनी दुसरी. दुकानांना अंडी दुसरं कुणी देऊ लागलं. पिकअप अंगणात उभी राहिली. माझ्यावर धूळ बसली, एका कोळ्याने माझ्या आणि बंपरच्या मध्ये जाळं विणलं. घरातल्या गडबडीत माझ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. मला वाटायचं, उजवा फुटून सुटला आणि मला शिक्षा झाली. कशाबद्दल, ते मात्र आठवेना.

एका दुपारी काका काळा चष्मा लावून बाहेर आले. चष्मा वर करून त्यांनी अंगणातल्या दोरीवरचे कपडे पाहिले, भिंतीचा उडालेला रंग पाहिला, काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग किल्ली फिरवून सगळे दिवे लावले आणि माझ्यासमोर येऊन उकिडवे बसले. हेडलाइटकडे बघत, मग माझ्याकडे. असं तीन-चारदा.

"हा पिवळा आहे," ते म्हणाले.

"मग? पिवळाच मागवला होता," मुलगी म्हणाली.

"मला दोन्ही सारखेच दिसायचे गं."

त्यांनी शर्टाच्या टोकाने माझी काच पुसली. कोळ्याचं जाळंही गेलं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर गाडी पुन्हा मिस्त्रींकडे गेली. उजव्याच्या जागी नवा आला. मिस्त्रींनी माझी वर गेलेली मान पाहून कपाळावर हात मारला, पुन्हा खडूची रेघ ओढली आणि आम्हा दोघांना खाली वाकवलं. पहिल्या फेरीला काका बाजारपेठेच्या वळणावर थांबले. झाडणाऱ्या बाईजवळ जाऊन हात जोडून काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. बाईने ऐकून घेतलं, मान हलवली आणि आपल्या कामाला लागली. माफ केलं की नाही, ते मला तिच्या पाठीवरून ओळखता आलं नाही.

मला तुमच्याकडे एकच मागायचं आहे. तुमच्या घरातलं कुणी रोज एकाच गोष्टीची तक्रार करत असेल, तर त्या गोष्टीला नावं ठेवायच्या आधी एक दिवस त्यांच्या शेजारी बसून जा. काकू आल्या तशा.

परवा सकाळी खरंच धुकं पडलं. पोल्ट्रीहून निघालो आणि बघता बघता रस्ता, झुडपं, टाकी सगळं पुसलं गेलं. मी जीव तोडून उजेड फेकला, पण दहा पावलांच्या पुढे तो जाईना. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते समोर आलं, तर मला त्याचं काही करता येत नव्हतं. शिवाय काकांनी गाडी कडेला घेऊन थांबवली. एवढ्या धुक्यात चालवायची नसते, म्हणाले. आम्हाला मात्र चालूच ठेवलं, समोरून येणाऱ्यांना गाडी दिसावी म्हणून.

मग ते खाली उतरून माझ्याशेजारी उभे राहिले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. डोळे चोळले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. इतक्यात माझ्या उजेडात एक सायकलवाला आला, वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन, अगदी हळू. काकांनी त्याला हात केला.

"दादा, धुकं आहे ना?"

सायकलवाल्याने पाय टेकला आणि त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"म्हणजे काय? तुम्हाला दिसत नाहीये का?"

"दिसतंय," काका म्हणाले. त्यांनी बंपरवर हात टेकला. "चांगलं दिसतंय."