पिवळा चौकोन

रुपालीचा फोन आला तेव्हा प्रज्ञा साळवे नागापूरच्या घराच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

"तू नेवाशाला कधी येतीस?" रुपाली घाईत होती. "माझ्या वेबसाइटवर एक फोटो हाय, तो उघडला की अख्खं पान मरतं. बाकीचे फोटो नीट उघडतात, तेवढाच न्हाई."

रुपाली तिची कॉलेजातली मैत्रीण. नेवाशात तिचा फोटो स्टुडिओ होता. गिऱ्हाइकांना घरबसल्या फोटो निवडता यावेत म्हणून ती लग्नाचे अल्बम वेबसाइटवर ठेवायची. प्रज्ञा एमआयडीसीतल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होती. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम कुठं मोडतो ते हुडकायचं, हेच तिचं काम. सुट्टीच्या दिवशीही तिला तोच नाद.

रविवारी ती एसटीनं नेवाशाला गेली. रुपालीनं तिच्यासमोर फोटो उघडला. प्रवरेच्या घाटावर नवरा-नवरी उभे होते. नवरीच्या शालूचा काठ दिसतो न दिसतो तोच ब्राउझरचं पान पांढरं पडलं.

"बघितलंस? नवरीची आई म्हणते, आमच्याच पोरीचा फोटो कसा दिसत न्हाई? अपशकुन मानायला लागल्यात त्या."

प्रज्ञानं तोच फोटो दुसऱ्या कंपनीच्या ब्राउझरमध्ये उघडला. लख्ख दिसला. ती खुर्ची ओढून बसली. "रुपे, तू त्यांना हा फोटो नव्यानं तयार करून दे. ही फाइल मात्र पुसू नकोस. मला दे."

"बिघडलेल्या फोटोचं तू काय करणार?"

"फोटो थोडा बिघडलाय, ते खरं. पण त्यानं ब्राउझर का मरावा?"

फोटोच्या फाइलीत चित्राच्या आधी थोडी माहिती असते. लांबी किती, रुंदी किती, रंगांचा तक्ता केवढा. ब्राउझर ती वाचतो, तेवढी जागा मोकळी करतो आणि आतला मजकूर तिथं ओततो. रुपालीच्या जुन्या रिटचिंगच्या प्रोग्रॅमनं रंगांचा तक्ता लिहिताना घोळ घातला होता. तक्ता लहान असल्याचं सांगून आत रंग मात्र जास्त भरले होते. ब्राउझर मोजून न बघता सगळं ओतायचा. वरचं उतू जाऊन शेजारच्या जागेत सांडायचं आणि पान मरायचं.

नुसतं पान मरणं फार मोठी गोष्ट नव्हती. पण सांडणारा मजकूर कुणी मुद्दाम निवडला तर? मग एखादं चित्र नुसतं दिसलं तरी बघणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर परक्याचा हुकूम चालला असता. काही दाबायला नको, काही उतरवून घ्यायला नको. हे मनात आलं तशी प्रज्ञा तो ब्राउझर कुठंकुठं आहे ते आठवायला लागली. तो ब्राउझर तिच्या ऑफिसात होता, बँकेत होता, आईच्या मोबाईलमध्येही होता.

पुढचे कितीतरी दिवस कामावरून आली की ती त्या फाइलीला बसायची. नवरा गेला, नवरी गेली, घाट गेला, नदी गेली. एकेक तुकडा काढून टाकत शेवटी उरला एक इवलासा पिवळा चौकोन. तोही ब्राउझर पाडायचा. तिनं सगळं नीट लिहून ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या पोर्टलवर टाकलं, सोबत तो चौकोन जोडला.

उत्तर कोरडं आलं. आमच्याकडे चित्र व्यवस्थित उघडतं, तक्रार बंद करत आहोत.

तिचा मोठा भाऊ सचिन जेवताना हसला. तो जवळच्याच एका कारखान्यात सुपरवायझर होता. "अगं, त्यांच्याकडं इंजिनिअरांची फौज हाय. त्यांना दिसलं न्हाई, ते तुला नागापुरात बसून दिसलं व्हय?"

"दिसलं. आणि परत दाखवीन," प्रज्ञा म्हणाली. पण घास काही गोड लागेना. आपल्याच कॉम्प्युटरचा दोष असेल का, असंही तिला वाटून गेलं. तिनं ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर करून बघितलं. तिथंही पान मेलं. मग त्यांच्याकडं का मरत नाही?

तिनं पोर्टलवर जाऊन आपणच जोडलेला चौकोन परत उतरवून घेतला आणि मूळ फाइलीशेजारी ठेवला. दिसायला दोन्ही सारखे. पण उतरवलेली फाइल लहान होती. तिनं आत डोकावून बघितलं, तर बिघडलेल्या तक्त्याच्या जागी साधा, नीटनेटका तक्ता. पोर्टल येणारं प्रत्येक चित्र आपोआप साफसूफ करून ठेवत होतं. तपासणाऱ्यांनी पाहिलं ते धुऊन पुसून झालेलं चित्र!

प्रज्ञा खुर्चीतून उठून टाळ्याच पिटायला लागली. तिची आई भागिरथीबाई स्वयंपाकघरातून धावत आली. "काय झालं गं?"

"आई, मी बरोबर हुते!"

पण या वेळी तिला नुसतं पान मरताना दाखवायचं नव्हतं. तिनं चौकोनाच्या रंगांत स्वतः निवडलेले आकडे भरले. फाइल उघडली. पान पडलं. पान कुठं आणि का पडलं याची नोंद ब्राउझर ठेवतो, ती तिनं उघडली. पुढं कुठं जायचं ते जिथून ब्राउझर ठरवतो, नेमके तिथं तिचेच आकडे बसले होते. तिनं आकडे बदलले. नोंदीतलेही बदलले. म्हणजे असं चित्र बनवणारा माणूस ब्राउझरला स्वतःला हवं तिकडं वळवू शकत होता. आता शंकेला जागाच नव्हती.

पोर्टलनं हात लावू नये म्हणून तिनं चौकोन झिप करून पाठवला. वर लिहिलं, तुमचं पोर्टल पुरावा धुऊन टाकतं, तेही दुरुस्त करा.

या खेपेला दुसऱ्याच दिवशी व्हिडिओ कॉल आला. समोर मार्टा नावाची बाई होती, कंपनीच्या सुरक्षा विभागाची प्रमुख.

"आधी माफी मागते," ती इंग्रजीत म्हणाली. "तुमची तक्रार आम्ही बंद करायला नको होती. आज सकाळपासून माझी सगळी माणसं यावरच बसलीत. हे फार गंभीर आहे. दुरुस्ती सगळ्यांपर्यंत पोचेपर्यंत कुणाला सांगणार नाही ना?"

"नाही सांगणार. पण लवकर करा."

ते गप्प राहणं भारी जड गेलं. सचिन येता-जाता विचारायचा, "काय मॅडम, लागला का शोध?" ती नुसती हसायची. रुपाली तर स्टेटस ठेवायला आतुर झाली होती. तिला फोनवर दटावून सांगावं लागलं, "तोंड उघडलंस तर चोरांना रस्ता दाखवल्यासारखं होईल." मधेच दुरुस्तीचा पहिला प्रयत्न मार्टानं तपासायला दिला, त्यातही प्रज्ञाला एक फट सापडली. तिनं ती कळवली. ती बुजल्यावरच नवा ब्राउझर जगभर गेला.

त्यासोबतच्या जाहीर टिपणीत दोषाची माहिती होती आणि खाली शोधणाऱ्याचं नाव: प्रज्ञा भीमा साळवे, अहिल्यानगर. वडिलांचं नाव तिनं आग्रहानं घालायला लावलं होतं. ते वारले तेव्हा ती शाळेत होती.

दुपारपर्यंत तिच्या ऑफिसात ढोल आणायची भाषा सुरू झाली. रुपाली नेवाशाहून हार घेऊन थेट नागापुरात आली आणि रस्त्यातच तिच्या गळ्यात पडली. भागिरथीबाईंनी पातेलंभर जिलबी मागवून गल्लीत वाटायला घेतली.

"पोरीला नोकरी लागली का मोठी?" शेजारच्या साळूबाईंनी विचारलं.

"नोकरी हायच की," भागिरथीबाई म्हणाल्या. "तुमच्या मोबाईलला भोक हुतं, साळूबाई. माझ्या प्रज्ञानं बुजवायला लावलं. तुमच्याच न्हाई, साऱ्या जगाच्या."

साळूबाईंनी कमरेचा मोबाईल काढून मागून-पुढून निरखला. "मला तर कुठं दिसलं न्हाई!"

"कुणालाच दिसलं न्हाई," भागिरथीबाई म्हणाल्या आणि त्यांच्या हातावर आणखी एक जिलबी ठेवली.

तेवढ्यात सचिनचा कारखान्यातून फोन आला. मागं यंत्रांचा खडखडाट चालला होता, म्हणून तो ओरडून बोलत होता. "प्रज्ञे, इथले सगळे कॉम्प्युटर मी अपडेट करायला लावले! साहेब म्हणाले, एवढी काय घाई हाय? मी म्हनलं, साहेब, माझ्या बहिणीनं सांगितलंय!"