परचुरे सरांचे पाचापैकी तीन

विजयमाला खांदवेला न्यूझीलंडमधल्या एका कंपनीने नोकरी देऊ केली, तेव्हा विश्रांतवाडीत तिचे जेवढे चुलते होते तेवढ्यांनी पेढे खाल्ले. पेढे पोटात गेल्यावर कळलं की नोकरी अजून पक्की नाही. तिकडे इंजिनिअर म्हणून काम करायचं तर आधी तिथल्या मंडळाने तिची पुण्यातली डिग्री मान्य करायला हवी. आणि ती शिकली त्या वर्षांत तिचं कॉलेज मंडळाच्या मान्य कॉलेजांमध्ये बसत नव्हतं.

"म्हंजे तू इंजिनेर न्हाईस?" तिच्या आईने, मुक्ताबाईंनी विचारलं.

"इथे आहे. तिथे नाही."

"मग इमानात कुठं संपती तुझी इंजिनेरी? समुद्र आला की?"

याचं उत्तर मंडळाच्या वेबसाइटवर कुठेही नव्हतं. डिग्री मान्य करून घ्यायचा दुसरा रस्ता मात्र होता. प्रत्येक विषयात काय काय शिकवलं त्याचे तपशील कॉलेजच्या सहीशिक्क्यानिशी पाठवायचे, आजवर केलेल्या कामाची माहिती द्यायची, आणि जिच्या किंवा ज्याच्या हाताखाली काम केलं अशा वरिष्ठाचा अभिप्राय जोडायचा. सहीशिक्क्यांसाठी विजयमाला कॉलेजात इतक्या वेळा गेली की शिपायाने तिला नवी मॅडम समजून एका वर्गातला फळा पुसून दिला. तेही पार पडलं. राहिला अभिप्राय, आणि तो देऊ शकेल असा माणूस जगात एकच होता. श्यामसुंदर परचुरे.

परचुरे सर म्हणजे पाण्याच्या पाइपलाइनींचं डिझाइन करणाऱ्या ऑफिसातले तिचे पहिले आणि आजवरचे एकमेव साहेब. सहा वर्षं ती त्यांच्या हाताखाली होती. माणूस सज्जन, हिशेबात चोख, पण कौतुकाच्या बाबतीत हात असा आखडलेला की ऑफिसात कुणाच्या डब्यातलं काही आवडलं तर ते फक्त दुसऱ्यांदा घ्यायचे, बोलायचे नाहीत. आता निवृत्त होऊन नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत होते. विजयमाला तिथे गेली आणि तिने सगळं सांगितलं.

"जातेस कशाला?" सर म्हणाले. "इथल्या पाइपांनी तुझं काय घोडं मारलंय?"

"सर, तिकडे काम चांगलं आहे."

"इथे काम नव्हतं का? उलट इथेच जास्त आहे. गळती बघ किती आहे." मग त्यांनी चष्मा लावला. "बरं. काय लिहायचंय ते दाखव."

मंडळाने दहा गोष्टी विचारल्या होत्या आणि प्रत्येकीला पाचापैकी गुण द्यायचे होते. सरांनी एकेक प्रश्न शांतपणे वाचला आणि दहाही ठिकाणी तीन दिले. विजयमालाचा चेहरा पडला.

"सर, तीन म्हणजे 'अपेक्षेप्रमाणे'."

"मग? अपेक्षा माझ्या होत्या. त्या पुऱ्या करणं सोपं होतं का?"

"नव्हतं, सर."

"झालं तर."

खाली चार ओळी मोकळ्या होत्या, मनात येईल ते लिहायला. सरांनी तिथे इंग्रजीत एकच वाक्य लिहिलं. त्याचा अर्थ असा होता, की ही बाई कामाला वाईट नाही. ते लिहून त्यांनी पेन मिटलं आणि ते असे मागे रेलले की जणू आपण उगाच वाहवत तर गेलो नाही ना, अशी त्यांना शंका यावी.

विजयमालाला सरांची ही भाषा येत होती. मंडळाला येत नव्हती. तिकडून उलट टपाली निरोप आला: अभिप्राय वाचून मंडळ चिंतेत पडलं आहे, तरी मंडळाचे प्रमुख श्री. ग्रॅहम हे श्री. परचुरे यांच्याशी व्हिडिओवर बोलू इच्छितात. उमेदवाराने हजर राहायला हरकत नाही, मात्र एक शब्दही बोलू नये. श्री. परचुरे आपल्या भाषेत बोलू शकतात. उमेदवाराच्या नात्यात नसलेलं कुणीही भाषांतराला चालेल.

हे ऐकून मुक्ताबाई उठल्या, त्यांनी घरच्या शेंगांची पिशवी भरली आणि त्या लेकीला म्हणाल्या, "गाडी काढ. म्या बोलते त्यांच्याशी."

परचुरे सरांच्या बैठकीत विजयमालाने मंडळाचा निरोप वाचून दाखवला. मुक्ताबाईंनी पिशवी टेबलावर ठेवली आणि सरळ विषयालाच हात घातला. "साहेब, पोरीला चांगली म्हना की. त्यात तुमचं काय जातंय?"

"बाई, चांगलं हा शब्द मी आयुष्यात दोनदा वापरला," सर म्हणाले. "एकदा आमच्या चीफ इंजिनिअरबद्दल, ते वारल्यावर. आणि एकदा एका पंपाबद्दल. तो पुढच्याच आठवड्यात बंद पडला. तेव्हापासून मी जपून असतो."

"पंप आन् माझी पोरगी एकच व्हय?"

"नाही. पंपाला गॅरंटी होती."

आतून सरांच्या पत्नी श्यामलाबाई चहा घेऊन आल्या. त्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्या मुक्ताबाईंना म्हणाल्या, "मनावर घेऊ नका हो. माझ्या स्वयंपाकाला हे लग्नापासून 'चालेल' म्हणताहेत. आता तर मीठ विसरले तरी चालेल आणि नाही विसरले तरी चालेल." मग कप खाली ठेवता ठेवता त्या थबकल्या आणि सरांकडे वळल्या. "अहो, तुम्ही मराठीतच बोला ना त्या साहेबांशी. भाषांतर मी करते."

"मराठीतच बोलणार आहे. माझं घर, माझी खुर्ची."

"उत्तम," श्यामलाबाई म्हणाल्या, आणि विजयमालाकडे बघून त्यांनी डोळा मिचकावला.

ठरल्या दिवशी आपल्याकडे सकाळचा दुसरा चहा चालू होता आणि तिकडे दुपार कलली होती. पडद्यावर ग्रॅहमसाहेब दिसू लागले. पिकल्या भुवयांचे, गंभीर, सरांच्याच वयाचे. इकडे मधोमध सर, उजवीकडे श्यामलाबाई, डावीकडे तोंड घट्ट मिटून विजयमाला. मुक्ताबाई कॅमेऱ्यात येऊ नयेत म्हणून दाराशी स्टुलावर बसल्या होत्या.

ग्रॅहमसाहेबांनी पहिला प्रश्न विचारला. हिचं तांत्रिक ज्ञान कसं आहे?

"बरं आहे," सर म्हणाले.

श्यामलाबाईंनी घसा साफ केला. श्री. परचुरे म्हणतात की हिचं ज्ञान अथांग आहे, अशी बुद्धिमत्ता त्यांना क्वचितच पाहायला मिळाली, आणि हिला शिकवताना आपणच शिकतो आहोत असं त्यांना अनेकदा वाटलं, असं बाईंनी झोकदार इंग्रजीत सांगून टाकलं. विजयमाला टेबलाकडे बघत राहिली. टेबल दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं.

दुसरा प्रश्न. दबावाखाली ही कशी वागते?

"कुठल्या दबावाखाली?" सर म्हणाले. "पाण्याच्या का माणसांच्या?"

"कमळासारखी शांत असते," श्यामलाबाईंनी कळवलं.

"काय म्हनले? काय म्हनले?" स्टुलावरून मुक्ताबाई कुजबुजल्या. विजयमालाने बोटाने गप्प राहण्याची खूण केली.

तिसरा प्रश्न. हिच्यात काही दोष आहेत का?

इथे मात्र सर खुलले. खुर्चीत पुढे सरकले. ही मंगळवारी हटकून उशिरा यायची. अक्षर असं की सात आणि एक यांत फरक नाही. ड्रॉइंगवर चहाचा कप ठेवायची, आणि तोही नेमका व्हॉल्व्हवर. वाद घालायची. वादात जिंकली तर हसायची. ते हसणं खालच्या मजल्यावर ऐकू जायचं. खडकवासल्याच्या साइटवर एकदा बूट विसरून चपला घालून आली होती. असं बराच वेळ त्यांनी बोटांवर मोजत मोजत सांगितलं आणि मग ते पाणी प्यायले.

"काही नाही," श्यामलाबाईंनी भाषांतर केलं.

ग्रॅहमसाहेबांच्या भुवया वर गेल्या. "पण ते तर पुष्कळ वेळ बोलत होते."

तेव्हा परचुरे सर स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "माझ्या पत्नीचं भाषांतर आत्ता मुळापेक्षा फार लहान झालं. मघाशी ते फार मोठं झालं होतं. सरासरी काढली तर बरोबर येईल."

विजयमालाला वाटलं, संपलं. चुलत्यांना आता पेढे परत करा म्हणावं लागणार.

"तुम्हाला इंग्रजी येतं?" ग्रॅहमसाहेबांनी विचारलं.

"येतं. कुणी विचारलं नव्हतं."

"मग हे तीन गुण मला जरा समजवा. पाच कुणाला दिले असते?"

"कुणालाच नाही."

"स्वतःला?"

सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "चार. तरुणपणी. आता साडेतीन."

"आणि मला?" श्यामलाबाई म्हणाल्या. मराठीत.

"अगं, हा प्रश्न मंडळाचा नाही."

"मंडळाचा नसू दे. माझा आहे. किती?"

"श्यामला, परदेशातले लोक बघताहेत."

"बघू देत. त्यांनाही कळू दे."

भाषांतर करणारंच कुणी उरलं नाही, म्हणून ग्रॅहमसाहेब थोडा वेळ नुसते या दोघांकडे बघत राहिले. मग त्यांनी हात वर करून शेवटचा प्रश्न विचारला. हिच्यावर कुणी देखरेख न ठेवता तुम्ही हिला पाइपलाइनचं डिझाइन करू द्याल का?

सरांनी आधी विजयमालाकडे पाहिलं, मग हातातल्या पेल्याकडे.

"या इमारतीला ज्या मोठ्या लाइनीवरून पाणी येतं, तिचं डिझाइन हिने केलंय," ते म्हणाले. "मी तेव्हा आजारी होतो. देखरेख ठेवायला कुणीच नव्हतं. ते पाणी आम्ही दोघं रोज पितो. लाइन अजून एकदाही फुटलेली नाही, आणि आम्ही दोघंही आहोत, हे आपल्याला दिसतंच आहे."

ग्रॅहमसाहेबांनी चष्मा काढला. त्यांचे खांदे हलू लागले. आधी आवाज नव्हता, मग फुटला, आणि हा गंभीर माणूस टेबलावर थाप मारून हसायला लागला. आपला जन्म पाण्याच्या लाइनी टाकण्यात गेला, आणि आपले पहिले साहेबही असेच होते, ते खूश झाले की नुसते खाकरायचे, असं ते सांगत होते. पण मुक्ताबाईंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच, की आपल्या पोरीचा विषय चाललाय आणि गोरा माणूस हसतोय. त्या ताडकन उठल्या, पदर खोचला आणि कॅमेऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ओ दादा! हसाया काय झालं? डिग्री द्यायची तर द्या, न्हाई तर नगा देऊ. पर माझ्या पोरीवर हसायचं काम न्हाई! रात-रात जागून शिकलीय ती. तुमच्या देशात नळाला पानी येतंय का न्हाई, त्ये आधी बघा."

विजयमालाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. श्यामलाबाईंनी मात्र या वेळी एक शब्द गाळला नाही की घातला नाही. पदर खोचल्याचंसुद्धा सांगितलं.

ग्रॅहमसाहेब खुर्चीतून अर्धे उठले आणि त्यांनी मुक्ताबाईंची रीतसर माफी मागितली. त्यांच्या देशात नळाला पाणी येतं, असंही नम्रपणे कळवलं. "किती तास?" परचुरे सरांनी लगेच विचारलं. चोवीस तास, हे उत्तर ऐकताच सरांनी गळतीचं प्रमाण विचारलं, ग्रॅहमसाहेबांनी ते सांगितलं, सरांचा त्यावर विश्वास बसला नाही, आणि पुढे ती दोन म्हातारी माणसं प्रेशर, जोड आणि गंज यांच्यात अशी बुडाली की ज्या मुलीसाठी हा सगळा खटाटोप चालला होता ती आत जाऊन मुक्ताबाईंबरोबर शेंगा सोलत बसली तरी दोघांच्या लक्षात आलं नाही.

निकाल आला तेव्हा विजयमाला स्कूटरवर होती, विश्रांतवाडीच्या चौकात सिग्नलला. फोन वाजला म्हणून तिने वाचलं. डिग्री मान्य. ती एवढ्या मोठ्याने ओरडली की ट्रॅफिक हवालदार धावत आला.

"काय झालं मॅडम? कुणी ठोकलं का?"

"अहो, मी इंजिनिअर झाले!"

"अभिनंदन," हवालदार म्हणाला. "सिग्नल हिरवा झालाय, इंजिनिअर. गाडी पुढे घ्या."

गाडी तिने घराकडे न घेता नारायण पेठेकडे वळवली. सरांनी दार उघडलं, बातमी ऐकली, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग म्हणाले, "तिकडे घर बघशील तेव्हा टाकी कुठे आहे ते आधी विचार. आणि मंगळवारी वेळेवर जात जा." एवढं बोलून ते घाईघाईने चपला घालून खाली गेले.

श्यामलाबाईंनी तिच्या हातावर साखर ठेवली. थोड्या वेळाने खालून आवाज आले म्हणून दोघी गॅलरीत गेल्या. फाटकाशी सर उभे होते. दूधवाला, इस्त्रीवाला आणि समोरच्या इमारतीतले दोन पेन्शनर यांना त्यांनी अडवून धरलं होतं, आणि हात उंचावून ते सांगत होते, "न्यूझीलंड! हो, हो, आमचीच मुलगी! आपल्या नळाला पाणी येतं ना, ते तिचंच!"

"अहो!" श्यामलाबाईंनी वरून हाक मारली. "कौतुक करताय का?"

सरांनी वर पाहिलं. चेहरा एका क्षणात कोरडा केला.

"छे. लोकांनी विचारलं. मी माहिती दिली."

"आम्ही कुठे काय विचारलं?" दूधवाला म्हणाला.